प्रायमाक्विन कोणाला सोसत नाही?

धामापूरसारख्या गावात पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप आला, की आरोग्यसेविका बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेते. व्हायवॅक्स हिवताप निघाला तर यकृतात दडलेल्या जंतूंसाठी १४ दिवस प्रायमाक्विनची गोळी. बहुतेकांना ती सोसते. मोजक्यांच्या मात्र तांबड्या पेशी फुटू लागतात, डोळे पिवळे होतात, लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद होते. गोळी तीच, मात्राही तीच.

याचा उलगडा झाला तो अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगात. तिथे कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग चालत. बंदिवानाच्या संमतीला अर्थ किती, हा प्रश्न त्या शोधाला कायमचा चिकटला आहे. ही गोळी न सोसणाऱ्या काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे संरक्षक एन्झाइम कमी असतं, असं १९५६ मध्ये सिद्ध झालं.

मुंबईला फार वाट पाहावी लागली नाही. १९६३ साली बक्षी, संघवी आणि सहकाऱ्यांनी पारशी समाजातली ही कमतरता नोंदवली. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात तिचा नवाच प्रकार सापडला, त्याला ‘कल्याण’ नाव मिळालं. केरळात सापडलेला प्रकार वेगळा समजला जात होता. १९९२ मध्ये कळलं, की दोन्हींतला जनुकीय बदल एकच! तेव्हापासून नाव केरळ-कल्याण. किनाऱ्याकिनाऱ्याने झालेल्या सोयरिकीचा हा माग असेल का, हे कुतूहल मला तरी आवरत नाही. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेने देशभरचे समाज तपासले. भूमध्यसागरी प्रकार सर्वाधिक, त्याखालोखाल केरळ-कल्याण. ओरिसा प्रकार मुख्यतः आदिवासींत.

२०१८ मध्ये अमेरिकेने यकृतातल्या याच दडलेल्या जंतूंवरच्या टॅफेनोक्विनला मान्यता दिली. एकाच मात्रेचं औषध, पण आधी जी-सिक्स-पीडीची चाचणी सक्तीची. मुंबईत या कमतरतेची नोंद होऊन साठ वर्षं उलटली. ही चाचणी प्रत्येक उपकेंद्रात असायला हवी होती. शोध आपल्या दारात लागले, सोय मात्र दारात आली नाही.

म्हणून भिऊन गोळ्या अर्ध्यावर टाकू नका, ताप उलटतो. पण पहिली गोळी घेण्याआधी आईला विचारा: मामाला, आजोळच्या आजोबांना कधी औषधाने कावीळ झाली होती का? मुलग्यात हा दोष येतो तो आईकडूनच. आणि बाळंतिणीच्या पेटीतल्या डांबरगोळ्या काढून टाका. असा दोष असलेल्या तान्ह्या बाळाला त्यांच्या वासानेही कावीळ होऊ शकते.