राखाडी धाग्यात राखाडी काहीच नाही

राखाडी टी-शर्ट बहुतेक घरांत असतो. होजिअरीच्या दुकानात त्या रंगाला ‘ग्रे मेलांज’ म्हणतात. पोतेऱ्याला काढलेला असा एखादा जुना टी-शर्ट असेल, तर त्याच्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढून काढा. नखाने उलटा पीळ देत तो उकला आणि सुटे झालेले तंतू आधी पांढऱ्या, मग काळ्या कागदावर पसरून भिंगातून पाहा. काही तंतू काळे निघतील, बाकीचे पांढरे. राखाडी तंतू एकही सापडणार नाही! छातीभर पसरलेला तो रंग कापडात नाहीच. तो आपल्या डोळ्यात तयार होतो.

असे तंतू मिसळून सूत कातण्याच्या कामावर मुंबईतला परळ-लालबागचा पट्टा शंभराहून अधिक वर्षं जगला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला, १८५६ मध्ये ती चालू झाली आणि बघता बघता गिरणगाव उभं राहिलं. १८७९ मध्ये नवरोजी वाडिया यांनी बॉम्बे डाइंग सुरू केली, तेव्हा तिथे सूत हाताने रंगात बुडवून उन्हात वाळवत. रंग होते तीनच. पुढे याच कंपनीची स्प्रिंग मिल दादर-नायगावच्या बाजूला नावारूपाला आली.

गिरणीत आलेल्या कापसाचा पहिला मुक्काम म्हणजे मिक्सिंग. एका गासडीतला कापूस दुसरीसारखा कधीच नसतो. कुठे तंतू लांब, कुठे आखूड. कुठे पुरता पिकलेला, कुठे कच्चा. कच्च्या तंतूची भिंत पातळ असते, त्यामुळे रंगवल्यावर तो पिकल्या तंतूच्या मानाने फिका दिसतो. काही सूत एका गासडीतून काढलं आणि पुढचं दुसरीतून, तर रंगवलेल्या कापडावर फिके-गडद पट्टे उमटतात. म्हणून अनेक गासड्या शेजारी मांडून प्रत्येकीतून थोडा थोडा थर घ्यायचा. कुठला कापूस कुठल्या सुताला चालेल, हे तपासण्यासाठी १९२४ मध्ये माटुंग्याला प्रयोगशाळा निघाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. हे मिश्रण आपल्याला फुकट मिळालेलं नाही. मिक्सिंग, कापूस मोकळा करून झटकणारी ब्लो रूम आणि पिंजणारं कार्डिंग या खात्यांतली कापसाची धूळ कामगारांनी वर्षानुवर्षं छातीत भरून घेतली.

खरी जादू ड्रॉइंग खात्यात होते. पिंजून निघालेला कापूस इथे जाड, सैल दोरीसारखा येतो. सूतकताईवाले त्याला पेळू म्हणतात, गिरणीत स्लायव्हर. असे आठ पेळू एकत्र करून यंत्र त्यांना आठपट लांब ओढतं. बाहेर पडतो तो पुन्हा एकच पेळू, जाडी पहिल्याइतकीच, पण आता त्यात आठांचा वाटा आहे. असे आठ पुन्हा एकत्र केले की चौसष्ट, तिसऱ्या फेरीला पाचशे बारा. आठांतला एक पेळू काळा असेल, तर तीन फेऱ्यांनंतर तो काळा बारीक बारीक धारांनी सगळीकडे पसरलेला असतो. गणित सांगतं की जितके पेळू जोडाल, त्या संख्येच्या वर्गमुळाने जाडीतला कमी-जास्तपणा घटतो. चौसष्ट पेळू एकत्र आले, की मूळची असमानता आठव्या हिश्शावर येते.

मग शेवटी धागा अगदी एकसारखा का दिसत नाही? चाळीस नंबरच्या, म्हणजे बारीक सुताला कुठेही आडवा छेद दिला, तर त्यात शंभराच्या आसपास तंतू भरतात. त्यांतले सरासरी बारा काळे असायला हवेत असं धरू. पण तंतू नेमके मोजून कुणी ठेवत नाही, ते योगायोगाने तिथे येतात. म्हणून कुठे नऊ भरतात, कुठे पंधरा. यंत्र कितीही उत्तम असलं तरी नुसत्या मिसळण्याने हा चढ-उतार याहून खाली नेता येत नाही. मेलांजच्या कापडात जी हलकी, धुकट चलबिचल दिसते, ती हीच. निव्वळ संभाव्यतेचा नियम आपण अंगावर घालून फिरत असतो!

आता डोळ्याकडे येऊ. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनापर्यंत दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. अर्ध्या मीटरवर हा कोन म्हणजे मिलिमीटरचा साधारण सातवा भाग, आणि चाळीस नंबरच्या सुताची जाडीही जवळपास तेवढीच. म्हणजे हातात धरून वाचण्याच्या अंतरावरच असे दोन धागे एकमेकांत विरू लागतात. विणायची लोकर दीड मिलिमीटर जाड असेल, तर तेच घडायला पाचेक मीटर लागतात. गिरगावातल्या चाळीत शेजारीण ज्या स्वेटरमध्ये दोन रंग पाहते, त्यात समोरच्या गॅलरीतल्या बाईंना तिसराच एक रंग दिसू शकतो, आणि दोघींचंही बरोबर असतं.

तो तिसरा रंग कोणता, हे मात्र रंग किती खोलवर मिसळले यावर ठरतं. गडद निळा आणि पिवळा घ्या. दोन्ही रंग एकाच भांड्यात कालवून धागा बुडवला, तर तो हिरवा होतो, कारण दोन्ही रंगद्रव्यं एकाच तंतूत बसून आपापला प्रकाश शोषतात आणि मधला हिरवा तेवढा वाचतो. निळे आणि पिवळे तंतू वेगवेगळे रंगवून मग एकत्र कातले, तर काही प्रकाश एका तंतूतून दुसऱ्यात जातो, काही थेट परततो. रंग मळकट हिरवट येतो. पण निळी आणि पिवळी लोकर नुसती जोडीने विणली आणि लांबून पाहिली, तर हिरवा जवळपास नाहीसा होऊन करड्याकडे झुकलेली छटा उरते. इथे रंग एकमेकांतून काही वजा करत नाहीत, डोळा त्यांची फक्त सरासरी काढतो. सामग्री तीच, उत्तरं तीन!

धूपछावच्या पैठणीत आणखी एक गंमत असते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. रेशमी धागा गुळगुळीत असल्याने तो प्रकाश ठरावीक दिशेलाच परतवतो. उभे धागे चमकतात तेव्हा आडवे मंदावतात, आणि पदर जरा वळला की पारडं फिरतं. इथे रंग सरासरीत अडकून न राहता चालीबरोबर बदलत जातो.

शेजारचा रंगही आपला वाटा उचलतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात मिशेल शेव्रुल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका उतरतो, अशी तिथे तक्रार होती. त्यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट निघाली नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. दादरच्या फुलबाजारातून नारिंगी झेंडू आणा आणि त्याला लागून राखाडी धागा ठेवा. धागा निळसर वाटू लागेल.

मुंबईत स्वेटरची गरज क्वचितच पडते, तरी बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे यांनी इथल्या घरांत विणकाम टिकवून ठेवलं आहे. एखाद्या शनिवार-रविवारी चारचौघींनी उरलेल्या लोकरी घेऊन बसावं आणि हे सगळं करून पाहावं. चार रंगांच्या गुंड्या घ्या आणि दुहेरी धाग्याने छोटे चौकोन विणा. चार शुद्ध रंगांचे, सहा जोड्यांचे, असे दहा वेगळे चौकोन होतील. तिहेरी धागा घेतलात तर त्याच चार गुंड्यांतून वीस. त्यांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. ज्या जोडीतले दोन्ही धागे फोटोत सारखेच करडे दिसतात, ती जोडी जवळूनही चटकन एकजीव होते, कारण डोळा उजेड-अंधारातला फरक बारकाईने टिपतो आणि निव्वळ रंगातला फरक त्या मानाने ढोबळ. ठिपकेदार, उठावदार वीण हवी असेल, तर एक उजळ आणि एक गडद धागा घ्या.

एकाच रंगाच्या पण वेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या गुंड्या हाती आल्या, तर दर दोन ओळींनी गुंडी बदला. फरक विरून जातो. मिक्सिंग खात्यात गासड्यांचे थर लावणाऱ्या हातांचीच ही युक्ती आहे. म्हणून लोकर आणायला निघताना कोणते रंग घ्यायचे, याच्याआधी ते कुठे मिसळायचे हे ठरवा: तंतूत, पिळात, विणीत की पाहणाऱ्याच्या डोळ्यात. हे ठरलं, की घरात असलेल्या चार गुंड्यांतूनच, दुकानात विकत मिळत नाही असा रंग निघेल.