दूरचित्रवाणीवरील अश्लीलता : सरकारचा अंकुश व आईबापांचे कर्तव्य

दूरचित्रवाणीवर जे असभ्य चित्रण दाखविले जाते, त्यास आळा घालण्याचे काम कोणाचे? कित्येक म्हणतात, सरकारचे. कित्येक म्हणतात, आईबापांचे. वस्तुतः ही कामे दोन आहेत, आणि एकाने केल्याने दुसऱ्याचे चुकत नाही.

प्रथम सरकारचे काम पाहू. १९९५ साली केबल दूरचित्रवाणीचा कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे सभ्यतेस व सुरुचीस बाधक असा कार्यक्रम दाखविण्यास मनाई आहे. तसेच जो मुलांस योग्य नाही, तो मुले अधिक संख्येने पाहात असतात त्या वेळी दाखविता येत नाही. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केबलवरील प्रौढांसाठीच्या चित्रपटांस अटकाव झाला. पुढे इंटरनेटद्वारे चित्रपट व मालिका घरी येऊ लागल्या, तेव्हा २०२१ च्या नियमांत वयाप्रमाणे त्यांचे वर्ग ठरविले गेले, व १३ वर्षे आणि त्यावरील वर्गांच्या कार्यक्रमांस कुलपाची सोय असावी असे सांगितले गेले. हे सर्व अवश्य होते. कारण एकटा बाप वाहिनीच्या धन्याशी झगडू शकत नाही.

परंतु कायद्याची धाव कोठवर? तो वेळ मोजतो, वय मोजतो. अमुक मुलाचे मन कसे आहे, हे त्यास कळत नाही. एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एक जे सहज विसरतो, त्याने दुसऱ्याची झोप उडते. हे आईसच ठाऊक. शिवाय कुलूप कंपनीने दिले, तरी लावावयाचे घरच्यांनीच; आणि कित्येक घरांत त्याचा संकेतांक आईबापांस मुलांनाच विचारावा लागतो!

शास्त्रातील एली याजक इस्राएलाचा न्यायाधीश होता. सर्व लोकांचा न्याय त्याच्या हाती. तथापि आपले पुत्र दुष्कर्म करतात हे ठाऊक असता त्याने त्यांस आवरले नाही, व तो दोष त्याच्या घराण्यास भोवला. न्यायासन हाती असूनही बापाचे काम उरलेच होते.

म्हणून पालकांनी दूरचित्रवाणी सर्वांच्या बैठकीत ठेवावी, मुलांबरोबर बसून पाहावे, आणि एखादा कार्यक्रम बंद केल्यास त्याचे कारण सांगावे. मुले निजल्यावर आपण काय पाहतो, याचाही विचार करावा. आणि विद्यार्थिमित्रहो, हाती मोबाईल असता व जवळ कोणी नसता, सरकारही दूर असते व आईबापही. तेथे विवेक हाच पहारेकरी. त्यास आतापासूनच जागे राहण्याची सवय लावा.