नंदुरबार जिल्ह्यातील द्विदल पिके आणि जीवाणुखत

जीवाणुखत हे नाव काहीसे फसवे आहे. खत म्हटले की गोणीत महिनोन्‌महिने पडून राहणारा निर्जीव पदार्थ डोळ्यांसमोर येतो. या पाकिटात मात्र जिवंत जीवाणू असतात, आणि ते मेले तरी पाकिटाचे बाह्य रूप तिळमात्र बदलत नाही.

द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींचा हवेतील नत्राशी असलेला संबंध हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केला. १८८८ मध्येच बायरिंक याने गाठींतील जीवाणू वेगळा केला. ऱ्हायझोबियम वर्गातील हा जीवाणू वनस्पतीकडून कर्बयुक्त अन्न घेतो व हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करून तिला देतो. मात्र प्रत्येकाचे यजमान ठरलेले असतात. हरभऱ्याचे संवर्धन तुरीला उपयोगी पडत नाही, हे दुकानदारही पुष्कळदा विसरतो.

सातपुड्याच्या उतारांवर, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, ज्वारी-मक्याबरोबर तूर व उडीद घेतात. या पिकांना चालणारे जीवाणू आपल्या जमिनींत बहुधा मूळचेच असतात. बाहेरून घातलेल्या वाणास त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते, म्हणून उत्पन्नातील वाढ ठळक दिसेलच असे नाही. तापीखोऱ्यातील काळ्या जमिनीत सोयाबीन प्रथमच पेरले, तर त्याचा जीवाणू तेथे क्वचितच आढळतो व संवर्धनाचा लाभ स्पष्ट दिसतो. दोन्ही क्षेत्रांस एकच शिफारस करणे आम्हांस अशास्त्रीय वाटते. स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंविषयीही सावधगिरी हवी. प्रयोगशाळेत त्यांची आम्ले स्फुरद सहज मुक्त करतात, पण चुनखडीयुक्त जमिनीत तीच आम्ले चुन्यामुळे निष्प्रभ होऊ शकतात.

२००६ मध्ये जीवाणुखते खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीरूप ऱ्हायझोबियमसाठी प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशींचे मान ठरले. परंतु पाकीट खानदेशातील मे-जूनच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली राहून धडगावचा घाट चढते, तेव्हा त्यातील किती पेशी जिवंत उरतात? अल्पभूधारक शेतकऱ्यास त्या मोजता येत नाहीत. पैसे मात्र त्याचेच जातात. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे. बियाण्यास बुरशीनाशक आधी व संवर्धन शेवटी, गुळाच्या थंड पाण्यातून चोळावे. बी सावलीत सुकवून लगेच पेरावे.

पेरणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी रोप उपटू नये, मातीसह खणून काढावे. उपटल्यास गाठी तुटून जमिनीतच राहतात. गाठ कापल्यावर आत गुलाबी वा तांबूस रंग दिसला, तर नत्रस्थिरीकरण चालू आहे असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आत पांढरी किंवा हिरवट दिसणारी गाठ निष्क्रिय होय. तथापि गाठी पाकिटातील जीवाणूंच्या की जमिनीतील मूळच्या, हे रंगावरून कळत नाही. म्हणून त्याच शेतात चार-दोन ओळी प्रक्रियेविना पेराव्यात आणि त्यांतील रोपेही त्याच दिवशी खणून पाहावीत.