गोठलेली जमीन, भूकंप आणि पूल



भूगोलाच्या तासाला आपण अलास्काचा नकाशा पाहत होतो, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "गुरुजी, तिकडं हिवाळ्यात जमीन गोठून दगडासारखी होते म्हणता. मग भूकंप झाला तरी पुलाचे खांब घट्टच राहत असतील की! ते कशाला मोडतील?" प्रश्न मुद्द्याचा आहे. घंटा झाली आणि उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून बाकीचं इथे लिहितो. जरा लांबण लागेल, पण मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या वाचून होईल.

आधी जमीन गोठते म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे थंडी पडते ती पडून पडून किती? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, तर त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. पण ते गवताच्या पात्यावरचं वरवरचं काम. ऊन आलं की संपलं. अलास्का हे अमेरिकेचं अगदी उत्तरेचं राज्य. तिथे महिनोन् महिने तापमान शून्याखाली असतं. मातीच्या कणांमध्ये जे पाणी असतं त्याचा बर्फ होतो आणि हा बर्फ कणांना सिमेंटसारखा चिकटवून टाकतो. पावसाळ्यात जी माती बोटाने उकरता येते, ती मग पहारीलाही दाद देत नाही. काही भागांत जमीन खोलवर बारा महिने गोठलेलीच असते. ती गोष्ट वेगळी. आपण बोलतोय ते हिवाळ्यात गोठणाऱ्या आणि उन्हाळ्यात सुटणाऱ्या जमिनीबद्दल.

इथे एक गंमत आहे. पडलेलं हिम जमिनीवर गोधडीसारखं काम करतं. त्याच्याखालची जमीन कमी गोठते. रस्त्यावरचं हिम मात्र गाड्यांसाठी सतत बाजूला काढतात. गोधडी काढल्यावर गारठा आत शिरणारच. म्हणून रस्त्याखाली गोठलेला थर जास्त खोल जातो, काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून खोल. आणि रस्ता जिथे नदीला भेटतो तिथे पूल असतो, हे सांगायला नको.

आता भूकंपाची हकिगत. २७ मार्च १९६४, शुक्रवार, संध्याकाळचे ५ वाजून ३६ मिनिटं. दक्षिण अलास्कात जमीन हलू लागली ती सुमारे साडेचार मिनिटं थांबली नाही. आपल्या कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) काही सेकंदांचा होता, त्यावरून कल्पना करा. त्याची तीव्रता ९.२ धरतात. मोजमापाच्या काळात याहून मोठा भूकंप एकच, १९६० चा चिली देशातला. मार्च म्हणजे आपल्याकडे होळीचे दिवस, पण तिथे जमीन अजून गोठलेलीच होती.

त्या भागात रस्त्यांवर २०४ पूल होते. त्यांपैकी १४१ पुलांना इजा झाली आणि ९२ पूल एकतर पार मोडले किंवा फार वाईट नादुरुस्त झाले. रेल्वेच्या पुलांचं नुकसान वेगळंच. ट्वेंटीमाइल नावाच्या नदीवरचा पूल खाली बसला तेव्हा त्याचे लाकडी खांब वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून आरपार बाहेर आले. कॉपर नदीवर जुना लोखंडी पूल होता, त्याला लोक मिलियन डॉलर पूल म्हणतात. त्याच्या एका गाळ्याचं टोक खांबावरून घसरून नदीत गेलं.

पूल गेला म्हणजे काय होतं हे तुम्हाला शिकवायला नको. ओढ्याला पाणी येऊन फरशी पूल बुडाला की पलीकडच्या वस्तीवरची मुलं शाळेत येत नाहीत, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर काय हाल होतात ते घरोघरी माहीत आहे. अलास्कात गावं विरळ, रस्ते मोजके. भूकंपानंतर मदत हवी असते तेव्हाच रस्ता तुटलेला.

खडकावर बांधलेल्या पुलांना फारसं काही झालं नाही. मग प्रश्न येतो: गोठलेली माती खडकासारखीच कडक, तर मग फरक कुठे पडतो? फरक दोन ठिकाणी पडतो.

पहिला समजायला एक प्रयोग करा. ज्वारीची दोन वाळलेली, सारख्या जाडीची धाटं घ्या. एक डबाभर ओल्या मातीत रोवा. दुसरं तशाच मातीत रोवा, पण डबा आठ-दहा दिवस उन्हात ठेवून माती कडक होऊ द्या. मग दोन्हीचे शेंडे धरून डावीउजवीकडे हलवा. ओल्या मातीतलं धाट मातीला बाजूला सारत डुलेल, मातीच्या आतसुद्धा थोडं वाकेल. वाक लांबवर पसरतो, म्हणून ते सहसा मोडत नाही. कडक मातीतलं धाट डुलणारच नाही. जोर केलात तर मातीच्या तोंडाशी काडकन मोडेल. धाटं सारखीच, फक्त मातीने धरलेली पकड वेगळी.

पुलाच्या खांबाचंही तसंच आहे. खांब जमिनीत खोल गेलेला असतो. उन्हाळ्यात भूकंप झाला तर तो जमिनीखालीही थोडा वाकतो आणि सर्वांत जास्त ताण जमिनीच्या खाली काही अंतरावर येतो. हिवाळ्यात गोठलेला थर त्याला गळ्याशी आवळून धरतो. वाकायला मोकळी लांबी कमी राहते. त्यामुळे सर्वांत जास्त ताणाची जागा वर सरकते आणि थोड्याशाच लांबीत सगळा वाक कोंडला जातो.

खांब ताठ झाला की आणखी एक होतं. फूटपट्टी टेबलाच्या कडेला धरून बाहेरचं टोक टिचकीने उडवा. पट्टी जास्त बाहेर असेल तर सावकाश झुलते, कमी बाहेर असेल तर टर्रर्र करून भराभर कापते, आणि वाकवायला जोरही जास्त लागतो. तसाच हिवाळ्यात पूल भराभर थरथरतो. भूकंपाचे काही धक्के मंद असतात, काही जलद. उन्हाळ्यात ज्या धक्क्याला पूल दाद देत नाही, त्याच धक्क्याला हिवाळ्यात तो ताल धरू शकतो. शिवाय एकाच पुलाचे काही खांब गोठलेल्या काठात असतात आणि काही वाहत्या पात्रात. पालखीच्या भोयांपैकी एकजण ताठ उभा राहिला आणि बाकीचे गुडघ्यात लवले, तर भार कुणाच्या खांद्यावर येईल? ताठ खांबाचंही तसंच होतं.

हे नुसते तर्क नाहीत. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात एम्स इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पुलाचे असतात तसे खरे काँक्रीटचे खांब, पायासकट, उघड्या जमिनीत उभे केले. एकाची परीक्षा २३ अंश सेल्सिअस तापमान असताना घेतली, दुसऱ्याची शून्याखाली १० अंश असताना. यंत्राने खांब पुढेमागे ढकलून पाहिले. हिवाळ्यातला खांब अडीच पटींहून जास्त ताठ निघाला. त्याला कातरणारा जोर सुमारे पाव हिश्श्याने वाढला. सर्वांत जास्त ताणाची जागा पाऊण मीटरहून अधिक वर सरकली. आणि वाक ज्या लांबीत पसरतो ती तर सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आली. हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खांबाच्या उभ्या सळ्यांना आडव्या रिंगा बांधलेल्या असतात ना, त्या जिथे वाक येणार तिथे दाट बांधतात. हिशेब उन्हाळ्याचा केला आणि भूकंप जानेवारीत आला, तर दाट रिंगा एका जागी आणि मोडण्याची जागा दुसरीच!

अमेरिकेच्या मध्यभागात न्यू माद्रिद इथले मोठे भूकंप डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या काळात, म्हणजे भर हिवाळ्यातच झाले होते. तेव्हा ही चिंता एकट्या अलास्काची नाही.

आता दुसरा फरक. तो मला पहिल्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. गोठलेला थर वरवरचा असतो. खाली नदीकाठची पाण्याने भरलेली वाळू आणि गाळ तसाच असतो. नदीच्या ओल्या वाळूत एका जागी पाय थपथप आपटून पाहिलंय ना? वाळू पाणी सोडते आणि पाय रुतू लागतो. भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. हादऱ्याने वाळूचे कण सैल होतात, सगळा भार पाण्यावर येतो आणि घट्ट जमीन पिठल्यासारखी पातळ होते. पाणी वर निघून गेलं तर दाब उतरतो, पण वर गोठलेल्या थराचं झाकण बसलेलं. पाणी तिथेच कोंडतं. मग तो वरचा कडक थर, पातळ वाळूवर तरंगत, उताराकडे म्हणजे नदीकडे सरकू लागतो. शेताला पाणी दिल्यावर वर पापडी धरते आणि खाली चिखल राहतो, पाय दिला की पापडीचा तुकडा घसरतो, तसं.

फरक इतकाच, की ही पापडी मीटरभर जाड आणि दगडासारखी असते. मऊ माती सरकली असती तर खांबाच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली असती. गोठलेली लादी वाहत नाही, ती खांबाला सोबत ढकलते. वर लादी ढकलतेय, खाली पातळ वाळूत आधार नाही. खांब बिचारा दोन्हीच्या मधे. १९६४ साली कॉपर नदीच्या रस्त्यावर आणि पोर्टेज गावाजवळ दोन्ही काठांची जमीन नदीकडे सरकली आणि पूल दोन्ही टोकांनी दाबले गेले. तिथल्या पुलांच्या नाशाचं मुख्य कारण हेच सरकणं होतं. पुढे ३ नोव्हेंबर २००२ ला अलास्कातच डेनाली इथे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा हिवाळा नुकता लागला होता. नॉर्थवे गावच्या विमानतळाची धावपट्टी खालची वाळू पातळ झाल्याने फाटली.

मग उपाय काय? जमीन गोठू न देणं कुणाच्या हातात नाही. म्हणून इंजिनिअर आता दोन ऋतूंचे दोन हिशेब करतात, आणि ज्या ऋतूत ज्या जागी ताण जास्त, तिथे ती जागा मजबूत करतात. रिंगा जास्त लांबीपर्यंत दाट बांधतात. अलास्कात जाड पोलादी नळ जमिनीत ठोकून त्यात सळ्या आणि काँक्रीट भरतात, तोच नळ वर खांब म्हणून पुढे नेतात. नळाचं कवच असल्याने वाकाची जागा थोडी वरखाली झाली तरी काँक्रीट फुटून बाहेर पडत नाही. गाळा खांबावरून घसरू नये म्हणून त्याची बैठक रुंद ठेवतात. पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होऊ शकतं, म्हणून ते निवडूनच घ्यावं लागतं.

आपल्या महाराष्ट्रात जमीन गोठत नाही. किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) झाला तेव्हा या गोष्टीचा काही संबंध नव्हता. पण देश म्हणून पाहिलं तर संबंध आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात झंस्कार नदी इतकी गोठते की लोक तिच्यावरून चालत जातात, आणि हिमालय हा भूकंपाचा पट्टा. तिथल्या रस्त्यांवर सीमा सडक संघटनेने बांधलेले पूल आहेत आणि त्या पुलांवरून आपल्या भागातले कितीतरी जवान ये-जा करतात. सुट्टीवर आलेला कुणी जवान भेटला तर जानेवारीत तिथे खड्डा खणायला काय लागतं ते जरूर विचारा.

प्रयोगाचे दोन डबे पाचवीच्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवले आहेत. ओल्या डब्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं काम सहावीकडे. कडक डब्यातलं धाट शनिवारी सगळ्यांसमोर हलवू, तोवर कुणी हात लावू नये.