कोंबडीचा पाय आणि पोटातील जिवाणू

अंड्यातून बाहेर पडलेले ब्रॉयलरचे पिल्लू सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते. सहा आठवड्यांत तेच दोन किलोग्रॅमच्या पुढे जाते. मांस झपाट्याने वाढते. हाडांना मात्र पक्व होण्यास तेवढी सवड मिळत नाही. असा पक्षी लंगडू लागला की खाद्य व पाणी समोर असूनही तो तेथवर पोहोचू शकत नाही. हे बहुधा विक्रीच्या तोंडावर, खाद्याचा बराचसा खर्च होऊन गेल्यावर घडते. म्हणून कुक्कुटपालकाला ते अधिक बोचते.

या लंगडेपणाचे एक कारण आतड्यात दडलेले असते, हे वाचून नवल वाटेल. वेगाने वाढणाऱ्या मांडीच्या व नडगीच्या हाडांना वरच्या टोकाशी, भार न सोसून, सूक्ष्म भेगा पडतात. उष्म्याने, गर्दीने किंवा आजाराने आतड्याचे अस्तर दुबळे झाले, की तेथील काही जिवाणू रक्तात शिरतात आणि या भेगांत ठाण मांडतात. मग हाड आतून कुजू लागते. बाहेरून पाय धडधाकट दिसतो, पक्षी मात्र पंख टेकत, खुरडत चालतो.

अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचा कसून अभ्यास केला. त्यांनी पिल्लांना तारेच्या जाळीवर वाढवले. पायाखालची जमीन स्थिर नसल्याने सांध्यांवर ताण येई आणि लंगडणाऱ्या पक्ष्यांची संख्या वाढे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत, पहिल्या दिवसापासून खाद्यातून प्रोबायोटिक दिलेल्या पक्ष्यांत लंगडेपणा कमी आढळला. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाला हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. आपल्या दह्यातील जिवाणू याच गोतातले. हे हितकर जिवाणू आतड्यात आधी जागा पटकावतात, आम्ल निर्माण करून घातक जिवाणूंची वाढ रोखतात आणि अस्तर बळकट ठेवण्यास हातभार लावतात. एकदा हाड कुजल्यावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. प्रारंभ पहिल्या दिवसापासून करायचा तो यासाठीच.

तळव्याच्या जखमांची गोष्ट निराळी. शेडमधील भाताच्या तुसाची गादी ओली राहिली, की विष्ठेतील अमोनियाने तळव्याची कातडी काळवंडते व तिला व्रण पडतात. प्रोबायोटिकमुळे पचन सुधारून विष्ठा घट्ट झाली, तर गादी कोरडी राहण्यास थोडी मदत होते. परंतु पाण्याची तोटी गळत असेल, किंवा पावसाळ्यात पडदे दिवसरात्र बंद असतील, तर औषधाच्या पुड्यांवर खर्च करण्याआधी तोटी दुरुस्त करणे व गादी उकरून हलवणे हेच शहाणपणाचे.

वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : हे सूक्ष्मजीव जिवंत असतात. लॅक्टोबॅसिलस क्लोरीनयुक्त पाण्यात मरतात. म्हणून ते साध्या, स्वच्छ पाण्यातून द्यावेत. बॅसिलस कुळातील जिवाणू बीजाणूरूपात असल्याने कांडी खाद्य तयार करतानाची उष्णता सोसू शकतात. प्रतिजैविके चालू असताना प्रोबायोटिक दिले, तर एका हाताने पेरावे व दुसऱ्याने उपटावे असे होण्याची शक्यता असते. अशा वेळी कोणते, केव्हा व किती द्यावे, हे पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे.