घाम आणि मान

आम्ही भंडाऱ्याच्या विडी-कामगारांत वावरणारी माणसे. खेळाचा इतिहास वाचतानाही आम्हांला प्रश्न पडतो, घाम कोणाचा आणि मान कोणाला?

अमेरिकेत फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णी तरुण १८८२ साली मिशिगन विद्यापीठाच्या बेसबॉल संघात खेळला, १८८४ साली मोठ्या धंदेवाईक संघातही खेळला. पुढे मात्र त्याच्या बांधवांना मोठ्या संघांचे दार १९४७ पर्यंत बंद राहिले.

आपल्याकडे काय निराळे होते? चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदान राखीत, साहेबांना चेंडू टाकीत. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांची गोलंदाजी घेतली. चहा मात्र दिला बाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली त्यांना वगळले, धाकट्या विठ्ठलचाही हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळण्यास नकार दिला. आमच्या भाषेत हा संपच! १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

मंडळी, गुणांनी माणूस दारापर्यंत पोहोचतो. दार उघडते ते एकजुटीने.