पोत्यापासून बेण्यापर्यंत : उसाचा उलटा हिशेब



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसच्या पायरीवर दोनच प्रश्न ऐकू येतात. "साहेब, माझ्या उसाला तोड कधी?" आणि "शेजाऱ्याचा तुटला, माझा का राहिला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे डिसेंबरात शोधून सापडत नाहीत. ती दीड वर्षापूर्वी लागणीच्या सरीत पडलेली असतात, आणि खरे म्हणाल तर त्याच्याही आधी बेणे मळ्यात. हा उलटा हिशेब कसा मांडतात, आणि त्यात लहान सभासदाचा फायदा-तोटा कुठे दडलेला असतो, ते या लेखात पाहू.

पेट्या किती, हे आंबा सांगतो

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या अंगाला गेले की हापूसच्या बागा लागतात. तिथल्या बागायतदाराला वाशीच्या बाजारात भाव काय निघेल, गिऱ्हाईक किती येईल, याचा अंदाजच करावा लागतो. तो चुकूही शकतो. पण पेट्या किती लागतील याला अंदाजाची गरज नाही. झाडावर हजार डझन फळ टिकले आणि पाच डझनी पेटी भरायची ठरली, तर दोनशे पेट्या. त्या दोनशे पेट्यांना लागेल तेवढाच पेंढा आणि तेवढेच खिळे. फळ धरल्यापासून काढणीपर्यंत साडेतीन-चार महिने हातात असतात. त्यामुळे पेट्या कधी सांगायच्या हेही ठरवता येते.

आणखी एक गोष्ट. हापूसचा मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. म्हणून शहाणा बागायतदार साऱ्या पेट्या फेब्रुवारीतच आणून पडवीत रचत नाही. पहिल्या टप्प्याच्या आधी आणतो, पुढच्या टप्प्याच्या पुढे आणतो. मधेच मोहोर गळाला तर पैसे अडकत नाहीत.

या साध्या व्यवहारात सगळे शास्त्र आले. आंब्याची मागणी स्वतंत्र, ती बाजार ठरवतो. पेटीची मागणी अवलंबून, ती आंबा ठरवतो. जी वस्तू दुसऱ्या वस्तूवर अवलंबून आहे, तिचा अंदाज करायचा नाही, हिशेब करायचा.

ट्रॅक्टरच्या कारखान्यातली विद्या

या हिशेबाला इंग्रजीत मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग म्हणतात. आपण साहित्य-गरज नियोजन म्हणू. त्याचेही लघुरूप एमआरपीच. पण पाकिटावर किंमत छापलेली असते ती एमआरपी वेगळी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जे. आय. केस या शेती-यंत्रांच्या कंपनीत जोसेफ ऑर्लिकी यांनी ही पद्धत संगणकावर बसवली. पुढे ते आयबीएम कंपनीत गेले आणि १९७५ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. म्हणजे ज्या ट्रॅक्टरने आपण ऊस ओढतो, तसल्याच ट्रॅक्टरच्या कारखान्यात ही विद्या वाढली.

पद्धत अशी. शंभर ट्रॅक्टर द्यायचे तर मागची मोठी चाके दोनशे. गोदामात चाळीस आहेत, साठ वाटेत आहेत. मग मागवायची शंभर. ती यायला दोन महिने लागतात, तर दोन महिने आधी मागवायची. एकूण गरज, वजा हाताशी असलेले, वजा येऊ घातलेले. उरली ती निव्वळ गरज. आणि लागणाऱ्या वेळेइतके मागे सरकायचे. बस, एवढेच.

पोते धरून मागे चला

आता हाच हिशेब उसाला लावू. हिशेबाला सोपा म्हणून रोज ५ हजार टन गाळणारा आणि १५० दिवस चालणारा कारखाना धरू. त्याला लागतो साडेसात लाख टन ऊस. उतारा ११ टक्के धरला आणि इथेनॉलकडे रस वळवला नाही असे मानले, तर ८२ हजार ५०० टन साखर होते. ५० किलोची साडेसोळा लाख पोती. इथे पोते ही पेटी आणि ऊस हा आंबा.

ऊस बेणे, गुऱ्हाळ, चारा आणि बाहेरचे कारखाने यांच्याकडेही जातो. त्यासाठी ४० हजार टन धरा. एकूण गरज ७ लाख ९० हजार टन झाली. त्यातून येऊ घातलेला माल वजा करायचा. तो म्हणजे खोडवा. खोडवा ८ हजार एकर आणि एकरी ३० टन, म्हणजे २ लाख ४० हजार टन. राहिले साडेपाच लाख टन. नव्या लागणीचा एकरी ४४ टन धरला, तर साडेबारा हजार एकर नवी लागण हवी.

दर तीन वर्षांनी बेणे बदलावे ही शिफारस पाळायची, तर त्यातल्या एक तृतीयांश क्षेत्राला, म्हणजे सुमारे ४ हजार १७० एकरांना, नवे प्रमाणित बेणे लागते. एक एकर बेणे मळा साधारण दहा एकर लागणीला पुरतो. म्हणजे प्रमाणित बेण्याचा मळा ४१७ एकर. त्याला पायाभूत बेणे ४२ एकर. आणि त्या ४२ एकरांना मूलभूत बेणे जेमतेम चार एकर. हे मूलभूत बेणे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र किंवा मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्याकडून आणायचे, आणि उष्ण-बाष्प हवेत ५४ अंशांना चार तास प्रक्रिया करून लावायचे. साडेसोळा लाख पोत्यांचा पसारा शेवटी चार एकरांवर येऊन थांबतो. त्या चार एकरांत गवताळ वाढ किंवा काणी निघाली, तर ती किती शिवारांत पोचेल याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता वेळ मागे न्या

आडसाली उसाला १६ ते १८ महिने लागतात, पूर्वहंगामीला १४-१५, सुरूला १२, खोडव्याला ११-१२. समजा एखाद्या वर्षी १० जानेवारीला गव्हाणीत आडसाली ऊस पडायचा आहे. सतरा महिने मागे गेलो की लागण ऑगस्टात येते. त्या लागणीचे प्रमाणित बेणे दहा महिन्यांचे हवे, म्हणजे त्याआधीच्या ऑक्टोबरात लावलेले. त्याच्या पायाभूत बेण्याला आणखी दहा महिने. एका पोत्याची तयारी तीन वर्षे आधी सुरू झालेली असते.

हा हिशेब एका कारखान्यापुरता नाही. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस विक्रमी आला आणि सुमारे १३७ लाख टन साखर झाली. पण गाळप जूनपर्यंत लांबले. मराठवाड्यात शेतकरी उन्हात उभ्या उसाकडे बघत बसले. १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसाला उतारा-घटीपोटी शासनाला टनामागे २०० रुपये अनुदान द्यावे लागले. ऊस लावताना पाणी पाहिले, बेणे पाहिले; गाळायला दिवस किती आहेत ते कुणी मोजले नाही.

खेप केवढी घ्यावी?

गरज कळली, तरी ती एका खेपेत भागवायची की दहा, हा दुसरा प्रश्न. यालाच खेपेचा आकार ठरवणे म्हणतात. १९१३ साली अमेरिकेत फोर्ड हॅरिस या इंजिनिअरने याचे सूत्र मांडले. त्यातला मतितार्थ असा : खेप मोठी घेतली तर व्याज आणि साठवण वाढते, लहान घेतली तर दर खेपेचा खर्च वाढतो. दोन्ही खर्च जिथे सारखे होतात, तिथे बेरीज सर्वांत कमी.

आपल्या साडेसोळा लाख पोत्यांचेच घ्या. उदाहरणादाखल रिकाम्या पोत्याची किंमत ४० रुपये आणि व्याज १० टक्के धरू. दर खेपेला पत्रव्यवहार, तपासणी, उतराई मिळून ३० हजार धरू. सगळी पोती हंगामाच्या तोंडी एकदम घेतली तर पाच महिन्यांचे व्याज पावणेचौदा लाख; खर्चासह १४ लाख ५ हजार. महिन्याची एक याप्रमाणे पाच खेपा केल्या तर व्याज पावणेतीन लाख आणि खेपांचा खर्च दीड लाख, मिळून सव्वाचार लाख. मग तीस खेपा केल्या तर आणखी वाचेल? नाही. व्याज अर्ध्या लाखाच्या आत येते, पण खेपांचाच खर्च नऊ लाख होतो. पाच ते सात खेपा इथे योग्य. एका खेपेऐवजी पाच केल्याने सुमारे ९ लाख ८० हजार वाचले, म्हणजे उसाच्या टनामागे एक रुपया तीस पैसे. ते शेवटी सभासदाच्याच खिशातले.

मात्र एक लक्षात ठेवायचे. हॅरिसचे सूत्र रोजचा खप सारखा धरते. साखर कारखाना पाच महिने धावतो आणि पावसाळ्यात झोपतो. बारा महिन्यांची सरासरी काढून पोती मागवली तर जुलैत ती उंदीर मोजतील. म्हणून गाळपाचे वेळापत्रक समोर ठेवून खेपा पाडाव्या लागतात.

दहा गुंठ्यांची खेप

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तोडणीलाही खेप असते. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे पंधरा-वीस टन. दहा गुंठ्यांच्या फडात ऊस निघतो दहाएक टन. म्हणजे टोळीचे अर्ध्या दिवसाचे काम. त्यासाठी ट्रॉली वळवायची, पाट बुजवून वाट करायची, आणि दुपारी पुन्हा दुसरीकडे हलायचे. मुकादम अशा फडाला नाखूष असतो. मग फड मागे पडतो, किंवा खुशालीची बोलणी सुरू होतात. ज्याची जमीन कमी, त्याचाच टनामागचा जाच जास्त.

यावर उपाय एकच : खेप मोठी करा. एका शिवारातल्या दहा सभासदांनी दहा-दहा गुंठे एकाच जातीचा ऊस एकाच आठवड्यात लावला, तर अडीच एकर आणि शंभर टन होतात. टोळीला सलग पाच-सहा दिवसांचे काम, वाट एकदाच करायची, आणि बोलणी करायला दहा जण एकत्र. त्याला आपण गटलागण म्हणतो. पाण्याची पाळी आणि खताचा हप्ताही मग एकत्र धरता येतो.

परंतु उलटी बाजूही आहे. पंधरा एकरांचा सलग फड एकाच तारखेला लावला तर सहाशे टन होतात. एक टोळी तिथे महिनाभर अडकते, आणि शेजारच्या लहान फडांना तुरा येतो, उसाला दशी पडते. म्हणून मोठ्या बागायतदाराने तीन हप्त्यांत लागण करावी. त्याच्या स्वतःच्याही पाण्याला आणि मजुराला ते सोयीचे पडते.

रोज ५ हजार टन म्हणजे एकरी ४० टनांनी रोज सव्वाशे एकर. दोनशे एकरांचा तोडला तर अड्ड्यावर वाहने थांबतात आणि तोडलेला ऊस वाळतो. ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गाळला नाही तर वजन घटते आणि उताराही. ऐंशीच एकर तोडला तर गव्हाण रिकामी, आणि 'नो-केन'मुळे मिल उभी. दोन्हीकडून नुकसान आपलेच.

खोटी तारीख, खोटा हिशेब

हे सारे गणित एका आकड्यावर उभे आहे, तो म्हणजे लागणीची तारीख. आता नोंद मोबाईलवर होते आणि क्षेत्र उपग्रहाच्या साहाय्याने मोजता येते. तरी सरीत टिपरी कधी पडली हे सभासदच सांगतो. कुणी लागण ऑगस्टाच्या अखेरीस करतो आणि तोड लवकर मिळावी म्हणून नोंद जुलैची देतो. अहो, एकाने असे केले तर शेजाऱ्याची पाळी जाते. शंभरांनी केले तर नोव्हेंबरात कोवळा ऊस गव्हाणीत येतो, साऱ्यांचा उतारा खाली ओढतो, आणि पक्व ऊस मार्चपर्यंत उभा राहतो. उसाचा दर उताऱ्यावर बांधलेला आहे. तेव्हा खोटी तारीख देणारा स्वतःच्याही पट्टीतून पैसे कापून घेतो.

कारखान्याकडेही कर्तव्य आहे. तोडणीचा कार्यक्रम गट ऑफिसच्या फळ्यावर लागला पाहिजे आणि कुणाच्या शब्दावरून क्रम मोडता कामा नये. गाळप केव्हा सुरू करायचे हे राज्याची मंत्री समिती ठरवते. ती तारीख पंधरा दिवस मागे-पुढे झाली तर कार्यक्रम नव्याने मांडून पुन्हा फळ्यावर लावायचा. नियोजन एकदा करून फडताळात ठेवायचे नसते.

सभासदांनी एवढे करावे

१. लागण झाल्यावर आठ दिवसांत गट ऑफिसला खरी तारीख, खरे क्षेत्र व जात नोंदवावी.

२. खोडवा ठेवणार की मोडणार, हे तोडणी होताच कळवावे. तो आकडा कळल्याशिवाय पुढची निव्वळ गरज निघत नाही.

३. बेणे मळ्याची मागणी लागणीच्या वेळी नव्हे, तर वर्षभर आधी द्यावी.

४. लहान सभासदांनी शेजाऱ्यांशी बसून गटलागण ठरवावी. मोठ्यांनी हप्त्याने लागण करावी.

५. फळ्यावरचा कार्यक्रम वाचावा. क्रम मोडलेला दिसला तर गट ऑफिसला लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

"माझ्या उसाला तोड कधी?" हा प्रश्न यंदाही येईलच. येत्या आडसालीच्या लागणीला तो सरीतच विचारा. तिथे त्याचे उत्तर आपल्या हातात असते.

— ऊस विकास अधिकारी